सत्तावन्नचा कागद

शुभांगीला साप-विंचवाची भीती नव्हती. कोळवणच्या खोऱ्यात भाताच्या खाचरांतून अनवाणी फिरणाऱ्या बाईला ती परवडतही नाही. तिला भीती वाटायची ती तिच्या पोराच्या, साहिलच्या, गळ्याखालच्या दोन हाडांची.

तीन वर्षांचा असताना त्याला कावीळ झाली होती. अठरा दिवस पोरगं दवाखान्यात होतं. त्या अठरा दिवसांत अंगावरचं मांस कुठं गेलं कुणास ठाऊक, पण गळ्याखाली ती दोन हाडं तेवढी वर आली आणि त्यांच्यामागे खळगे पडले. पुढं पोरगं बरं झालं, वाढलं, बापापेक्षा उंच झालं, तालमीत जाऊन मानेनं जाड झालं. हाडं मांसाखाली गेली ती गेलीच. पंधरा वर्षं शुभांगीनं ती पाहिली नव्हती. आणि या संक्रांतीला आंघोळ करून साहिल टॉवेल गुंडाळून अंगणात आला, तेव्हा ती पुन्हा दिसली.

याला कारण फ्रिजच्या दारावर चिकटवलेला एक कागद होता.

साहिलची तालीम भुकूमला. तिथले इंद्रजित सर जुन्या वस्तादांसारखे मिशीला पीळ देत आखाड्याच्या कडेला बसणारे नव्हते. ते पोरांना वही-पेन घेऊन बसवायचे. "मी जिंकणार असं लिहू नका," ते सांगायचे, "जिंकणं निम्मं समोरच्याच्या हातात असतं. आपल्या हातात आहे ते लिहा. किती बैठका, किती झोप, किती वजन. तारीख टाका. आठवड्याआठवड्याचे तुकडे पाडा. आणि स्वतःची नोंद स्वतः करा, तीच शिस्त." साहिल बासष्ट किलोचा होता. एकसष्ट किलोच्या गटात तालमीतलाच ऋषिकेश होता, आणि त्यानं साहिलला चारदा चीत केलं होतं. साहिलनं सत्तावन्नमध्ये उतरायचं ठरवलं. सरांनी विचार केला, हिशोब मांडला. एप्रिलच्या पहिल्या रविवारी जिल्ह्याची निवड चाचणी होती, हातात तेरा आठवडे होते. आठवड्याला चारशे ग्रॅम म्हणजे फार नव्हतं. सरांनी हो म्हटलं.

कागदावर वर मोठ्या अक्षरात ५७ लिहिलं होतं. खाली तेरा चौकोन. एका बाजूला ठरलेला आकडा, दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष भरलेला. अगदी तळाला सरांच्या हाताची एक ओळ होती: आकडा सलग दोनदा चुकला तर त्याच दिवशी मला फोन, गट बदलू. ही ओळ घरात कुणी फारशी वाचली नाही. वरचा आकडाच इतका मोठा होता की नजर खाली जायचीच नाही.

खाण्याचंही ठरलं होतं. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन भाकरी, वाटीभर डाळ, वाटीभर मोड आलेली मटकी, चार अंडी. तूप बंद, बदाम बंद, गोड बंद. शुभांगीची सासू तुळजाबाई हे ऐकून जेवता जेवता थांबली.

"पैलवानाच्या घरात तूप बंद?" ती म्हणाली. "ह्याचा आजा वरणात वाटीभर तूप वतून खायचा, तवा जत्रंत गडी पाडायचा. कागद खाऊन कुस्ती व्हतीया व्हय?"

"आत्या, आता तसं न्हाई राह्यलं," शुभांगी म्हणाली.

"मग कसं राह्यलंय? पोरगं बग की. दोरीवर टाकलं तर वाळंल."

खरं तर संक्रांतीपर्यंत साहिलचं वजन आठशे ग्रॅमच उतरलं होतं. आठशे ग्रॅमनं कुणाची हाडं दिसत नसतात. पण आईच्या डोळ्यांना काटा लावायचा कुणी? शुभांगीला दिसली म्हणजे दिसली. आणि त्याच संध्याकाळी भाकरीसाठी पाणी उकळत ठेवलं असताना तिनं मागं वळून पाहिलं, सासू देवापाशी होती, साहिल अंगणात दोरीउड्या मारत होता. तिनं फडताळातला डबा काढला आणि उकळत्या पाण्यात चमचाभर तूप सोडलं.

तांदळाच्या भाकरीला उकड काढावी लागते. त्या पाण्यातलं तूप पिठात असं मुरतं की शेजारी बसलेल्यालाही कळायचं नाही. साहिल भाकऱ्या मोजून घ्यायचा. दोन म्हणजे दोनच, तिसरीचा तुकडाही नाही. पण भाकरीच्या आत काय आहे ते मोजायचं त्याला कसं सुचणार? आईच्या हातची भाकरी कुणी तपासून खातं का?

एकाचे दोन चमचे झाले. दोनाचे चार झाले. डाळीत बदामाची पूड जाऊ लागली. म्हैस घरची, तूप घरचं, विचारणारं कुणी नाही.

"आई, भाकरी लई मऊ व्हतीया हल्ली," एकदा साहिल म्हणाला.

"नवा तांदूळ हाय," ती म्हणाली. तिनं उलथनं घेऊन भाकरी उगाच पुन्हा उलटली, पण त्यानं वर पाहिलंच नाही.

पहिले पंधरा दिवस ती दर सोमवारी धास्तावून फ्रिजसमोर उभी राहायची. आकडा अडकला तर पोरगं विचारात पडेल, मग खाण्याकडे बघेल, मग सगळं बाहेर येईल. पण आकडा अडकला नाही. साठ-आठशे. साठ-चारशे. साठ. कागद ठरल्यासारखा उतरत होता. साहिलची बारावीची परीक्षा होती म्हणून फेब्रुवारी-मार्च दोन्ही महिने तो भुकूमला गेलाच नाही, घरीच पळायचा, आणि सोमवारी कागदाचा फोटो सरांना पाठवायचा. सर उत्तरादाखल अंगठ्याचं चिन्ह पाठवायचे.

तूप पोटात जातंय आणि वजनही उतरतंय, हे कसं? शुभांगीनं घाबरत घाबरत सासूला विचारलं. तोवर तुळजाबाईला सगळं कळलेलं होतं, डब्यातलं तूप किती उतरतंय हे तिच्यापासून काय लपणार?

"घरचं तूप हाय," तुळजाबाई म्हणाली. "त्ये अंगाला लागतं, काट्याला न्हाई."

शुभांगीनं ते मानून घेतलं. मानून घेण्यात सोय होती. देव दोन्हीकडून पावला असं समजून ती निर्धास्त झाली, आणि तिचं चुकलं ते तिथंच.

चाचणीच्या आठवड्यात साहिल बोलेनासा झाला. मंगळवारी त्यानं एक भाकरी परत केली, गुरुवारी दोन्ही. शुक्रवारी तो पाणीही पिईना. ओठांना चिरा पडल्या होत्या. हातात एक स्टीलचा पेला घेऊन बसायचा आणि त्यात थुंकत राहायचा, तेवढंच पाणी अंगातून जावं म्हणून. तोंडात थुंकीसुद्धा राहिली नव्हती, तरी थुंकायचा.

"कागदावं तर सत्तावन-सहाशे हाय," शुभांगी म्हणाली. "एवढ्यासाठी पाणी तोडायचं?"

"सगळेच तोडत्यात शेवटी." त्याचा आवाज घोगरा झाला होता. "तू नको बोलू आई. माझं मी बघतो."

त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि ती दोन हाडं आता शर्टाच्या आतूनही कळत होती. तूप घालूनही हे कसं काय, असा विचार तिच्या मनात येऊन गेला, आणि तिनं तो पुढं जाऊ दिला नाही.

शनिवारी दुपारी ती भात भरडायला गिरणीत गेली. नवरा चंद्रकांत तळेगावला गेला होता. तो एका पुण्याच्या माणसाच्या पॉलीहाऊसवर राखणीला आणि कामाला होता, तिथल्या जरबेराच्या नव्या रोपांचं ठरवायचं होतं. गिरणीवाला भिवाजी पोत्याचं तोंड सोडता सोडता म्हणाला, "शुभांगे, पोराला जरा समजाव."

"काय झालं मामा?"

"रोज सकाळी येतुया माझ्या काट्यावं. पोती सरकवायला लावतो, कपडे काढतो, हुबा राहतो. आज साठाला दोनशे कमी भरला. उद्या वजन हाय म्हणतो, सत्तावन पायजे म्हणतो. एका दिसात तीन किलो कुठनं काढणार? मांस कापणार हाय का?"

गिरणीचा पट्टा फडफडत होता. शुभांगीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"साठ? कागदावं तर..."

"कागद-बिगद मला म्हाईत न्हाई. माझा काटा खोटं बोलत न्हाई. सोमवारी एकसष्ट व्हता. महिनाभर एकसष्टच व्हता."

महिनाभर. शुभांगी भाताच्या पोत्यावर बसली. कोंड्याची धूळ तिच्या तोंडावर येत होती आणि तिला ती पुसायचं सुचत नव्हतं. म्हणजे पोरानं कागदावर खोटे आकडे लिहिले होते. वजन हलत नव्हतं म्हणून लिहिले होते. आणि वजन हलत नव्हतं कारण रोज चार चमचे, अडीच महिने, ती स्वतःच्या हातानं. पुढचं तिला मोजवेना. तूप काट्याला लागत होतं. सगळं तिथंच लागत होतं.

ती उठली आणि भात तिथंच टाकून घराकडे निघाली. निघाली म्हणजे पळतच सुटली. चाळीस वर्षांची बाई भर उन्हात डोक्यावरचा पदर सोडून पळतेय हे पाहून रस्त्यावरचा जीपवाला थांबला, पण तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

घरी साहिल नव्हता. फोन चार्जिंगला लावलेला होता. तुळजाबाई ओसरीवर लसूण सोलत होती.

"साहिल कुटं हाय?"

"मगाशी रेनकोट घिऊन गेला. कानटोपी बी घेतली. मला वाटलं गाडी धुवायला जातुया."

एप्रिल महिना होता. खोऱ्यात पानही हलत नव्हतं. शुभांगीनं दारामागच्या खिळ्याकडे पाहिलं. तिथं चंद्रकांतची पॉलीहाऊसची किल्ली असायची. खिळा रिकामा होता.

पॉलीहाऊसमधली जुनी झाडं गेल्याच आठवड्यात उपटली होती. माती तापवायची म्हणून चारी बाजूंचे प्लॅस्टिकचे पडदे पाडून ते बंद ठेवलं होतं. चंद्रकांतच म्हणाला होता, आत दोन मिनिटं उभं राहवत नाही, मातीतले किडे मरायला ठेवलंय ते.

"आत्या," ती म्हणाली, "भिवाजीमामाला फोन लावा. गाडी घिऊन पॉलीहाऊसवर या म्हणावं. आत्ता."

तुळजाबाईनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लसूण बाजूला ठेवला. शुभांगी दाराबाहेर पडत होती तेव्हा मागून सासूचा आवाज आला. "शुभे, तुपाचं त्वांडातनं काडू नगंस. पोरगं कायमचं तुटंल."

कापणी झालेल्या खाचरांतून पॉलीहाऊस पाच मिनिटांवर होतं. धसकटं पायाला टोचत होती. शुभांगी स्वतःशीच काहीतरी बोलत होती, देवाला की पोराला तिलाच कळत नव्हतं. थांब, थांब, एवढंच बोलत होती.

दार नुसतं लोटलेलं होतं. उघडल्याबरोबर आतली हवा तोंडावर आली, भट्टीचं झाकण काढावं तशी. पांढऱ्या उजेडात आधी काही दिसेना. मग रिकाम्या वाफ्यांच्या मधल्या वाटेवर निळा रेनकोट दिसला. साहिल गुडघ्यांवर बसला होता आणि पुढं वाकून डोकं मातीला टेकवलं होतं. मनगटांना आणि घोट्यांना सुतळी बांधली होती, वाफ आतच कोंडून घाम सुटावा म्हणून. दोरीउड्यांची दोरी शेजारी पडली होती.

"साहिल."

त्यानं मान वळवली. डोळे तिच्याकडे होते पण तिला पाहत नव्हते. "काटा आण," तो म्हणाला. "बग किती झालं."

तिनं रेनकोटच्या आत हात घातला. अंग तव्यासारखं तापलेलं होतं आणि कोरडं. घामाचा थेंब नव्हता. मग मात्र शुभांगी खरी घाबरली, आतापर्यंतचं घाबरणं काहीच नव्हतं असं घाबरली. ती भाताची पोती उचलणारी बाई होती. काखेत हात घालून तिनं पोराला ओढायला सुरुवात केली. साठाला दोनशे कमी. त्यातलं किती तिनं घातलेलं होतं हे तिला ओढता ओढता कळत होतं. वाट चाळीस पावलांची होती. दोनदा ती पडली. दोनदा उठली.

बाहेर आंब्याची सावली होती आणि टाकीला नळी होती. नळीतून पहिलं पाणी कढत आलं, तिनं ते बाजूला सोडलं. गार येईपर्यंतच्या त्या अर्ध्या मिनिटात तिनं सुतळ्या दातांनी तोडल्या. मग डोक्यावर, मानेवर, काखेत, मांड्यांवर पाणी सोडत राहिली. ओंजळ त्याच्या तोंडाला लावली तर त्यानं दात आवळले.

"पाणी नको." एवढं बोलायलाही त्याला कष्ट पडत होते. "उद्या वजन हाय."

"साहिल, पी."

त्यानं मान फिरवली. बेशुद्धीच्या काठावर असलेलं पोरगं, आणि दात मात्र असे घट्ट की बोट जाईना. तेरा आठवडे त्या आकड्यानं त्याला एवढंच शिकवलं होतं.

"तुज्या भाकरीत तूप व्हतं," शुभांगी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "ऐकतोस का? मी घालत व्हते. रोज. संक्रांतीपास्नं. तुजं कायबी चुकलं न्हाई राजा, मी चोरून घालत व्हते. पी आता. तुजी आई खोटी हाय, तू पाणी पी."

त्याचं तोंड उघडलं. शब्दांनी उघडलं की तहानेनं, तिला कळलं नाही. पाणी आत गेलं, थोडं बाहेर आलं, पुन्हा आत गेलं. तेवढ्यात धुरळा उडवत भिवाजीचा पिकअप खाचरात उतरला.

पौडला दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टर तरुण होते, फार बोलत नव्हते. "ताप उतरतोय," ते म्हणाले. "पण किडनीवर ताण आलाय. लघवी झाली पाहिजे. संध्याकाळपर्यंत नाही झाली, तर पुण्याला हलवावं लागेल." पलंगाच्या दांडीला खाली प्लॅस्टिकची एक पिशवी लटकत होती, तिच्यात नळी गेली होती. पिशवी कोरडी होती.

शुभांगी त्या पिशवीसमोर स्टुलावर बसली. एक बाटली संपली, दुसरी लागली. वरून थेंब पडत होते, खाली काही येत नव्हतं. आयुष्यात कशाकडे तिनं इतका वेळ टक लावून पाहिलं नव्हतं. चार वाजले. साहिलला शुद्ध आली होती, त्यानं छताकडे पाहत एकदा "आज किती तारीख" विचारलं आणि पुन्हा गप्प झाला. तुपाबद्दल एक अक्षर नाही. त्यानं ऐकलंच नसावं, असं तिच्या मनात आलं. आणि लाज वाटावी असा एक सुटकेचा श्वास तिच्या आतून बाहेर पडला.

पाचच्या सुमाराला इंद्रजित सर आले. हेल्मेट हातातच होतं. त्यांनी साहिलच्या कपाळावर हात ठेवला, पिशवीकडे पाहिलं आणि खाली बसले.

"किती होतं रे खरं?"

"एकसष्ट," साहिल म्हणाला. "चौथ्या आठवड्यापास्नं खोटं लिवलं सर."

"खाली ओळ लिहिली होती मी. दोनदा चुकलं तर फोन कर म्हणून."

"करणार व्हतो." साहिलच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं नाही, अंगात पाणीच कुठं होतं, पण चेहरा वाकडा झाला. "सगळं सांगितल्यापरमानं केलं सर. एक तुकडा जास्त खाल्ला न्हाई. तरी हलंना. ऋषिकेशचं हलतं, सगळ्यांचं हलतं. मला वाटलं माझ्या अंगातच खोट हाय. आज्याचं नाव घेत्यात सगळे, आणि माझं शरीरच चोर निघालं."

म्हणजे ऐकलं नव्हतं.

शुभांगीनं पिशवीकडे पाहिलं. कोरडी. सासूचा आवाज तिच्या कानात होता: पोरगं कायमचं तुटंल. आणि ते खरंही असेल. आता नुसतं गप्प बसायचं होतं. सर निघून जातील, पोरगं बरं होईल, तूप बंद करता येईल, कुणाला कधी कळणार नाही. आणि हे पोरगं आयुष्यभर आपल्याच अंगाला चोर समजत राहील. कावीळ झाली तेव्हाही ती अशी भ्याली नव्हती. तेव्हा निदान दोष तिचा नव्हता.

"सर," ती म्हणाली, "त्याच्या अंगात खोट न्हाई."

मग तिनं सांगितलं. उकडीचं पाणी, चार चमचे, बदामाची पूड, नव्या तांदळाची थाप, सगळं. सासूचं नाव घेतलं नाही. सांगताना ती पोराकडे पाहू शकली नाही, पिशवीकडेच पाहत राहिली. बाहेर कुणाची तरी चप्पल वाजत गेली.

सर हेल्मेट खाली ठेवत म्हणाले, "मी फोटो बघत बसलो. पोराला काट्यावर उभं करायला एकदा कोळवणला यायला हवं होतं. मी नाही आलो."

साहिलनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. ती "साहिल" म्हणाली. तिनं त्याच्या पायावर हात ठेवला, त्यानं पाय ओढून घेतला.

दिवेलागणीला चंद्रकांत धावत आला तेव्हा ती तशीच बसली होती. डॉक्टर दोनदा येऊन गेले होते, पुण्याच्या गाडीचं बोलून गेले होते. आणि मग नळीत काहीतरी हललं. आधी तिला वाटलं भास आहे. गडद, चहाच्या रंगाचा एक थेंब नळीतून सरकत पिशवीत पडला. मग दुसरा. शुभांगीनं तोंडात पदर कोंबला.

आठव्या दिवशी साहिल घरी आला. चाचणी होऊन गेली होती. त्याच्या गटात कोण निवडलं गेलं हे त्यानं विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. इंद्रजित सर येऊन गेले आणि जाताना फ्रिजवरचा जुना कागद काढून साहिलच्या हातात दिला, नवा त्यालाच लिहायला लावला. नव्या कागदावर मोठा आकडा नव्हता. वर लिहिलं होतं: एकसष्टमध्ये लढणे. खाली: सोमवारी भिवाजीमामांच्या काट्यावर वजन, आईनं सोबत जाणे, आकडा आईनं लिहिणे. आणि खाण्याच्या रकान्यात: तूप, दोन चमचे, वरून. सरांची ती शेवटची, फोनची ओळ आता या सगळ्याच्याही वर आली होती.

दुपारी शुभांगीनं ताट वाढलं. भाकरी, डाळ, मटकी. साहिलनं भाकरीचा तुकडा मोडला, तोंडाशी नेला आणि थांबला. मग तो तुकडा त्यानं नाकाजवळ नेऊन हुंगला.

त्यानं मुद्दाम केलं नव्हतं. म्हणूनच ते तिला जास्त लागलं. ती ताटासमोरून उठली, चुलीपाशी गेली, पिठाची परात आणि उकडीचं पातेलं उचलून थेट त्याच्यासमोर आणून ठेवलं. फडताळातला तुपाचा डबाही आणला आणि झाकण घट्ट लावून त्याच्या मांडीशी ठेवला. मग जमिनीवर बसून तिनं पीठ मळायला घेतलं. नुसतं पाणी आणि पीठ. साहिल तिच्या हातांकडे पाहत होता, तोंडाकडे नाही. ओसरीवरून तुळजाबाई पाहत होती.

भाकरी भाजून ताटात पडली. कडक झाली होती, कडेला चिरली होती. साहिलनं डबा उघडला आणि चमचा तिच्याकडे केला.

"दोन सांगितल्यात सरांनी," तो म्हणाला.

तिनं पहिला चमचा भरला, कडेला पुसून सपाट केला आणि भाकरीवर सोडला. दुसरा भरला, पुसला, सोडला. समोर ती दोन हाडं होती, शर्टाच्या वरच्या बटणापाशी, आणि तिचा हात चमच्यासकट आपोआप पुन्हा डब्यात गेला.

साहिलनं डब्याचं झाकण हातात धरलं होतं. तो वाट पाहत होता.

शुभांगीनं चमचा डब्याच्या काठाला उलटा केला. तूप हळूहळू परत आत गळालं. शेवटचा थेंब पडेपर्यंत तिनं तो तसाच धरला. मग साहिलनं डब्याचं झाकण लावलं आणि भाकरीचा तुकडा न हुंगता तोंडात घातला.